आंबा घाटात बंद पडणारी पिकअप

"सर, गाडी फडक्यावर चालते," मालक फोनवर म्हणाले. मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. चुकलं नव्हतं. साखरप्याजवळ त्यांची आंबा-काजूच्या कलमांची नर्सरी आहे. कलमं भरून पिकअप आंबा घाट चढायला लागली की मध्येच मरते. मग ड्रायव्हर पोरगा बॉनेट उघडतो, एसी पंपावर (म्हणजे टाकीतून कार्बोरेटरला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपावर) ओला फडका टाकतो, अर्धा तास दगडावर बसतो आणि सेल्फ मारतो. गाडी चालू. पाच महिने हेच चाललं होतं. फडका सीटखाली कायमचा, शेजारी पाण्याचा पाच लिटरचा कॅन.

गाडी जीपच्या चासीवरची जुनी पेट्रोल पिकअप. इंजिन हरिकेन, चार सिलिंडर, २१९९ सीसी. हे इंजिन जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीने १९५० मध्ये आणलं. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे त्याची उंची वाढली आणि जीपचं बॉनेटही उंच करावं लागलं. आपल्याकडे त्या उंच बॉनेटच्या जीप पुढे कितीतरी वर्षं धावल्या. बहुतेकांनी नंतर त्यात डिझेल इंजिनं बसवली, यांनी नाही बसवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "वडिलांनी घेतलेली आहे." यावर पुढे बोलण्यासारखं काही नसतं.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेड शिकवत असे. आता निवृत्त आहे, कोल्हापुरात राहतो. गॅरेज नाही. जुन्या पेट्रोल गाड्यांचं अडलं की लोक येतात, आणि मला तेवढंच हवं असतं. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण गाडीत जो दोष मूळचा नव्हता तो दुरुस्तीने आणला, आणि मूळचा होता तो तसाच राहिला. दोन्ही दोष एकाच फडक्याखाली झाकले गेले होते.

आधी काय काय झालं होतं

मालक डायरी ठेवणारे. खर्चाची पानं त्यांनी मला दाखवली. नोव्हेंबरात गाडी पहिल्यांदा घाटात बंद पडली, एसी पंपाचा किट टाकला. डिसेंबरात कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले. जानेवारीत कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर, म्हणजे प्लगची ठिणगी तयार करणारे भाग, तिन्ही एकदम नवे. मार्चमध्ये अख्खा पंपच बदलला आणि कुठूनतरी जुना पण "चांगला" कार्बोरेटर आणून बसवला. बेरीज चौदा हजारांच्या पुढे. गाडी मात्र त्याच वळणांवर त्याच रुबाबात उभी.

या यादीत वाईट काम असं एकही नाही. जुन्या गाडीला किट लागतो, पॉइंट लागतात. पण प्रत्येक वेळी गाडी गॅरेजात आली तेव्हा ती नीट चालत होती. म्हणजे सगळे भाग बदलले गेले ते निरोगी गाडीचे. दोष हजर नसताना केलेला तपास म्हणजे चोर निघून गेल्यावर घरातल्यांच्या झडत्या.

निदान सगळ्यांचं एकच होतं: गाडी एअर धरते. म्हणजे उष्णतेने पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफेवर नुसताच हलत राहतो, पेट्रोल वर चढत नाही. हे खोटं नाही. एसी पंप इंजिनाच्या ब्लॉकला बोल्ट केलेला असतो, ब्लॉक तापला की तोही तापतो. आणि पुरावा रोज मिळत होता: फडका टाकला की गाडी सुरू होते.

मी मालकांना विचारलं, "फडका न टाकता अर्धा तास थांबून पाहिलंत कधी?"

ते हसले. "सर, घाटात गाडी बंद पडल्यावर कोण प्रयोग करत बसतंय?"

बरोबर आहे. म्हणून ते मलाच करावे लागले.

पोरगा काय म्हणाला

मालकांपेक्षा ड्रायव्हरशी बोलणं जास्त उपयोगाचं असतं, हा माझा जुना अनुभव. पोरगा विशीतला, बोलायला लाजणारा. मी त्याला "का बंद पडते" असं विचारलं नाही. ते त्याला आधीच्या मिस्त्र्यांनी शिकवून ठेवलं होतं. विचारलं, "कशी बंद पडते?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दोन तऱ्हेनं, सर. कधी आचके देत, दम सोडत सोडत मरते. ॲक्सिलरेटर दाबला तर अजूनच. आणि कधी फट्कन. चावी काढल्यासारखी."

"पहिल्यापासून दोन्ही?"

"नाही. फट्कन मरायला लागली ती जत्रेच्या सुमाराला."

जत्रा माघातली. डायरीत जानेवारीच्या पानावर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर.

दुसरी गोष्ट त्याने निघता निघता सांगितली: "टाकी फुल केली की हमखास पडते. अर्ध्या टाकीवर कधी कधी न थांबता वर जाते." हे त्याने आधीच्या मिस्त्र्यांनाही सांगितलं होतं. त्यांनी हसण्यावारी नेलं, कारण भरल्या टाकीवर गाडी बंद पडावी याला त्यांच्या डोक्यातल्या कुठल्याच खणात जागा नव्हती. मलाही त्या क्षणी नव्हती. वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

पेट्रोलचा दोष आणि करंटचा, म्हणजे ठिणगीचा, दोष यांची मरायची पद्धत वेगळी असते. पेट्रोल कमी पडायला लागलं तरी कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडं शिल्लक असतं, ते संपेपर्यंत इंजिन आचके देतं, मध्येच उचलतं, पुन्हा दबतं. करंट गेला की शिल्लक काही नसतं, तिथल्या तिथे सुतक. याला अपवाद आहेत. सैल वायर आचके देऊ शकते, कंडेन्सर मरता मरता मिसिंग मारू शकतो. पण एकच गाडी दोन्ही तऱ्हेने मरत असेल तर दोष एक आहे असं धरून चालणं धोक्याचं. पाच महिने सगळ्यांनी तेच धरलं होतं.

उभ्या गाडीची मापं

गाडी कोल्हापुरात आली ती अर्थातच स्वतः चालत, एकदाही न थांबता. टाकी अर्धी होती, मी विचारून घेतलं.

पहिल्या दिवशी मी काहीही उघडलं नाही, फक्त मापं घेतली. बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू गाडीवर १४.१. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना १०५ ते ११५ पीएसआयच्या दरम्यान. जुन्या हरिकेनला हे पुरेसं, आणि चारही जवळजवळ सारखे हे महत्त्वाचं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, वायरी बरोबर जागी. डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपला आतून तडा किंवा कार्बनची रेघ नाही. पंपाची कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडली. मिनिटाला अर्ध्या लिटरच्या वर पेट्रोल आलं.

या शेवटच्या आकड्याशी थोडं थांबतो, कारण एसी पंपावर उगाच फार आळ येतो. ही पिकअप भरल्या ओझ्याने घाट चढताना तासाला साधारण सहा लिटर पेट्रोल पीत असावी. म्हणजे मिनिटाला शंभर मिली. पंप त्याच्या पाचपट देतोय. पंप निम्मा मेला असता तरी ही गाडी घाट चढली असती. मग दोनदा दुरुस्त केलेला पंप उपाशी कसा राहील? राहिला, तर त्याच्याकडे पेट्रोल पोचतच नसेल.

प्लग काढले. कडा पांढरट, म्हणजे मिश्रण थोडं लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. यामुळेच आधीच्या मिस्त्र्याचं लक्ष पेट्रोलवरून हललं नसणार. पण पांढरटपणाला दुसरं कारण समोर होतं. २०२३ पासून पंपांवर ई-२० यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं, वीस टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. नव्या गाडीतला संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला कोण सांगणार? जेट तोच, भोक तेच, म्हणून मिश्रण आपोआप लीन. कोल्हापूरकरांनी तक्रार करू नये, आपल्याच उसाचं आहे. पण सत्तरच्या दशकातल्या रबराला हे झेपत नाही. टाकीकडून येणारी नळी बोटाला चिकट लागत होती आणि पंपाच्या काचेच्या वाटीत तपकिरी गाळ होता. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा डिंक सोडवतं आणि पुढे ढकलतं. जाळी धुतली, नळी बदलायची म्हणून लिहून ठेवली. पण एवढ्याने गाडी घाटात मरत नाही, आणि मेलीच तर अर्ध्या तासाने आपोआप जिवंत होत नाही.

पॉइंटचं अंतर ०.५ मिलिमीटर हवं, फीलर गेजने ०.३५ भरलं. पॉइंटच्या तोंडांवर निळसर डाग आणि खड्डे. जानेवारीत बसवलेल्या पॉइंटचे मे महिन्यात हे हाल? खटकलं. मल्टीमीटरने कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स पाहिला, १.६ ओहम. वहीत लिहिला आणि पुढे गेलो.

इथे मी चुकलो. तो आकडा तिथेच बोलत होता. पण डोक्यात टाकीची गोष्ट घोळत होती आणि कॉइल नवी आहे हे डायरीत वाचलं होतं. नव्या वस्तूकडे माणूस संशयाने बघत नाही. तीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो, आणि स्वतः तेच केलं.

घाटात

दोन दिवसांनी आम्ही तिघं गाडी घेऊन साखरप्याला उतरलो. निघण्याआधी दोन गोष्टी जोडल्या होत्या. पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये टी टाकून प्रेशर गेज बसवला. त्याची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवला. बाहेरून, हे मुद्दाम सांगतो. पेट्रोल भरलेली नळी केबिनमध्ये घेणारे लोक मी पाहिले आहेत. दुसरी गोष्ट टायमिंग लाइट. त्याचा चिमटा एक नंबरच्या प्लगवायरला आणि दिवा केबिनमध्ये डॅशबोर्डकडे तोंड करून. गाडी चालू असेपर्यंत दिवा फडफडत राहतो. बंद पडताना गिअर काढायचा नाही, क्लच सोडलेला ठेवायचा, म्हणजे चाकांनी इंजिन थोडा वेळ फिरत राहतं. त्या दोन-चार सेकंदांत दिवा फडफडतोय की विझलाय आणि गेजचा काटा कुठे आहे, एवढं पाहिलं की पेट्रोल की करंट हा वाद संपतो. पाच महिन्यांत चौदा हजारांनी जे सांगितलं नव्हतं ते.

साखरप्यात टाकी काठोकाठ भरली. मागे कलमांच्या पिशव्या, शिवाय वजनाला वाळूची चार पोती. दुपारचे दोन, मे महिना. घाटात रस्त्याचं काम चालू होतं, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगतच जावं लागलं. मला हवं तसंच.

बाराव्या मिनिटाला पोरगा म्हणाला, "येतंय बघा." पहिला आचका बसला. काटा तीन पीएसआयवरून दोनवर, मग एकच्या खाली. दिवा फडफडतोय. इंजिनाने दोनदा उचललं, खोकलं आणि गेलं. दिवा शेवटच्या फेऱ्यापर्यंत फडफडत होता.

पेट्रोल. निदान या वेळी तरी.

गाडी कडेला लागली आणि दोघेही उतरून सवयीप्रमाणे कामाला लागले. मला फक्त बघायचं होतं. पोरगा फडका भिजवायला धावला. आणि मालक? मालकांनी सीट उचललं. जीपच्या घराण्याप्रमाणे टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. झाकणाकडे हात नेत म्हणाले, "पेट्रोल किती राहिलंय बघतो."

"थांबा!" मी ओरडलोच. दोघेही दचकले. "दर वेळी बघता?"

"दर वेळी. काटा चालत नाही ना, काठी घालून बघावं लागतं."

पाच महिन्यांत हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण ही दुरुस्ती नव्हती. दर थांब्याला तीन गोष्टी एकदम होत होत्या: पंपावर फडका, टाकीचं झाकण उघडणं आणि अर्ध्या तासाची विश्रांती. श्रेय एकट्या फडक्याला मिळत होतं.

मी दोघांना काही न करता बसायला सांगितलं. झाकण बंद, फडका नाही. दहा मिनिटांनी सेल्फ मारला. गाडी सुरू झाली, अर्धा मिनिट चालली आणि पुन्हा आचके देऊन मेली. काटा अर्ध्या पीएसआयवर. पंपाच्या काचेच्या वाटीत बुडबुडे दिसत होते. म्हणजे वाफ खरीच होत होती, मिस्त्री त्याबाबतीत खोटे नव्हते.

आता फडका न टाकता झाकण तेवढं फिरवलं. सायकलची ट्यूब पंक्चर व्हावी तसा आवाज आला, सुस्स... आणि बराच वेळ येत राहिला. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. झाकण पुन्हा सैलसर बसवून सेल्फ मारला. चार-पाच फेऱ्यांत काटा तीनवर, गाडी चालू. पंप अजून हात भाजेल इतका गरम होता.

पोरगा फडका हातात धरून उभा होता.

झाकण

टाकीतलं पेट्रोल कमी होतं तेवढी हवा आत यावी लागते. जुन्या जीपच्या झाकणात त्यासाठी वाट ठेवलेली असते. या झाकणात नव्हती. जाड रबर, गच्च बसणारं, कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं. दिवाळीच्या आसपास केबिनमध्ये पेट्रोलचा वास यायला लागला म्हणून मालकांनी स्वतःच बाजारातून आणलं होतं. किंमत इतकी किरकोळ की डायरीत नोंदसुद्धा नाही. वास गेला नाही, पण वळणावर सांडणं थांबलं, म्हणून ते खूश होते.

भरल्या टाकीचं कोडंही इथेच सुटलं. टाकी साधारण चाळीस लिटरची. काठोकाठ भरली की वर हवेला दोन-अडीच लिटर जागा. घाटात बारा मिनिटांत गाडी एक-सव्वा लिटर पेट्रोल ओढते. दोन-अडीच लिटरची हवा साडेतीन लिटरच्या जागेत पसरली की तिचा दाब एक तृतीयांशाने उतरतो. पेट्रोलची वाफ थोडी भर घालते, रबराच्या कडेने थोडी हवा झिरपते, तरी ओढ पुष्कळच. आणि चांगल्या स्थितीतला एसी पंप पाऱ्याच्या दहाएक इंचांइतकंच ओढू शकतो, म्हणजे तोही वातावरणाच्या दाबाच्या एक तृतीयांशच. पंप टाकीशी रस्सीखेच करत होता आणि हरत होता. टाकी अर्धी असेल तर वर वीस लिटर हवा असते. सव्वा लिटर गेलं तरी दाब पाच-सहा टक्के उतरतो, पंपाला त्याचं काही नाही. पोरगा पहिल्यापासून खरं बोलत होता.

आणि वाफ? दाब कमी झाला की पेट्रोल कमी उष्णतेला उकळतं. पंपात, नळीत आधीच ओढ, त्यात ब्लॉकची ऊब, म्हणून बुडबुडे. पंप थंड केला की बुडबुडे थोडे कमी होत असणार, तेव्हा फडक्याचा उपयोग अगदीच नव्हता असं मी म्हणणार नाही. पण झाकण न उघडता नुसत्या फडक्यावर ही गाडी वर आंबा गावापर्यंत पोचली नसती.

मालक म्हणाले, "म्हणजे झालं?"

मी पोरग्याकडे बघितलं. "फट्कन मरायचं राहिलं अजून."

फट्कन

झाकण सैल ठेवून निघालो. वर एक कापड सैलसं बांधलं, आणि सीटखाली उघडी टाकी असल्यामुळे खिडक्या पूर्ण उघड्या, बिडी-काडी खिशात. ही घाटातल्या प्रयोगापुरती सोय, असं कोणी रोज चालवू नये. गाडी छान चढत होती, काटा तीनवरून हलत नव्हता. मलाही क्षणभर वाटलं की जानेवारीनंतरचं ते पोरग्याच्या मनाचं असावं.

अर्ध्या तासाने, घाट संपत आला होता तेव्हा, गेली. आचका नाही, खोकला नाही. चाकांनी इंजिन फिरत होतं, काटा तीनवर ठाम आणि डॅशबोर्डवर अंधार. दिवा विझलेला.

या वेळी कोणाला काही सांगावं लागलं नाही. दोघेही हात बांधून उभे.

करंट का गेला हे शोधताना क्रम महत्त्वाचा. उशीर केला तर गाडी थंड होते आणि दोष पळून जातो. माझ्या हाती दहा मिनिटं असावीत असा अंदाज होता. आधी कॉइलच्या पॉझिटिव्हला व्होल्टेज, १२ च्या जवळ, म्हणजे इग्निशन स्विच आणि वायर ठीक. मग टेस्ट लॅम्प कॉइलच्या निगेटिव्हला लावला आणि पोरग्याला सेल्फ मारायला सांगितलं. दिवा लुकलुकला. म्हणजे पॉइंट उघडझाप करत आहेत आणि कंडेन्सर शॉर्ट झालेला नाही. शॉर्ट असता तर तिथे व्होल्टेज चढलंच नसतं.

मग कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्यूटरमधून काढून स्पार्क टेस्टरला लावली. टेस्टर ब्लॉकला घट्ट पकडलेला, कार्बोरेटरपासून लांब. वायर हातात धरून हवेत ठिणगी बघायची सवय वाईट. एकदा हिसका बसतो, शिवाय उघड्या हवेत लटकलेली वायर कॉइलचं इन्सुलेशन फोडते. गॅप सहा मिलिमीटर ठेवला, काही नाही. दोनवर आणला, तेव्हा एक मरतुकडी नारिंगी ठिणगी, तीही मध्येच.

आता उरले दोघे, कॉइल किंवा आतून तुटलेला कंडेन्सर. खिशातला जास्तीचा कंडेन्सर चिमट्याने कॉइलच्या निगेटिव्हला आणि बॉडीला जोडला. जुना आतून उघडा पडला असेल तर एवढ्यानेच करंट परत येतो. आला नाही. कॉइलला हात लावला आणि लगेच काढला, भाजत होती. माझ्या पेटीतली तीन ओहमची जुनी कॉइल नुसती तारांनी जोडली. आठ मिलिमीटरवर निळी, कडकडीत ठिणगी. गाडी पहिल्या सेल्फला चालू.

तेव्हा मला वहीतला आकडा आठवला.

काढलेली कॉइल तापलेलीच मोजली, १.९ ओहम. तापल्यावर तांब्याचा रेझिस्टन्स एवढा वाढतोच, त्यात बिघाड असा नाही. म्हणून मल्टीमीटरवर ही कॉइल "ओके" दिसते, थंडही आणि गरमही. आतलं इन्सुलेशन तापल्यावर दगा देतं ते हजारो व्होल्टच्या ताणाखाली. मीटरच्या नऊ व्होल्टच्या बॅटरीला ते कधी दिसत नाही. ओहम बघून कॉइलला प्रमाणपत्र देणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

पण ती खराब का झाली? दीड ओहमच्या आसपासची कॉइल ही बॅलास्ट रेझिस्टरसोबत वापरायची. रेझिस्टर थोडे व्होल्ट स्वतः खातो, कॉइलला आठ-नऊच मिळतात. या गाडीत रेझिस्टर नाही आणि जुनी कॉइल तीन ओहमची होती. नवी लावणाऱ्याने आकार आणि क्लॅम्प जुळतो एवढंच पाहिलं. पॉइंट मिटलेले असताना १४ व्होल्ट भागिले १.६ म्हणजे पावणेनऊ अँपिअर. तीन ओहमला साडेचारच्या आसपास. प्रवाह जवळपास दुप्पट, उष्णताही दुप्पट. तोच प्रवाह पॉइंटमधून जातो, म्हणून पाच महिन्यांत त्यांच्या तोंडांना खड्डे. पॉइंटचं अंतर घटलं की ते जास्त वेळ मिटलेले राहतात, मग कॉइल आणखी तापते. आणि गाडी बंद पडल्यावर चावी चालूच ठेवायची पोरग्याला सवय. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर उभ्या गाडीत कॉइल शिजत राहते.

नोव्हेंबरात गाडीत एकच दोष होता, झाकणाचा. तो न सापडल्यामुळे जानेवारीत कॉइल बदलली, आणि कॉइलने दुसरा आणला. तोही अर्ध्या तासात थंड होऊन बरा व्हायचा, म्हणून त्याचंही श्रेय फडक्याला गेलं.

काय काय बदललं

तीन ओहमची नवी कॉइल. बॅलास्ट रेझिस्टर लावूनही चाललं असतं, पण आधीच भाजलेल्या कॉइलसाठी नवा रेझिस्टर लावणं मला पटलं नाही. शिवाय एक जास्तीचा जोड म्हणजे सैल व्हायला एक जास्तीची जागा. पॉइंट नवे, ०.५ मिलिमीटर. अंतर बदललं की टायमिंग सरकतं, त्यामुळे ते पुन्हा लावलं, टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर येतो त्या जागेच्या) पाच अंश आधी. प्लगचा गॅप ०.७६. कंडेन्सर तोच ठेवला, त्याचा काही गुन्हा नव्हता.

हवेची वाट असलेलं जीपचं झाकण जुन्या स्पेअरच्या दुकानात मिळालं. पण मग वासाचं काय? ज्या वासासाठी हे सगळं रामायण झालं तो तर पहिल्या दिवसापासून होताच. टाकीच्या भरायच्या नळीचं रबर खालच्या बाजूने पाझरत होतं, सीट काढून आरसा घातल्याशिवाय दिसत नव्हतं. ते बदललं. पेट्रोलच्या बाकीच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, विटॉनच्या अस्तराच्या टाकल्या. शिवाजी उद्यमनगरात त्या मीटरवर मिळतात, साध्यापेक्षा बऱ्याच महाग. पंपाचा डायफ्रॅम उघडून पाहिला, मार्चचा असल्यामुळे चांगला होता, पुन्हा बंद केला. सगळा मिळून खर्च अडीच हजारांच्या आत. त्यातला निम्मा नळ्यांचा.

पुन्हा घाट. टाकी फुल, ओझं तेच, वेळ दुपारची. पहिल्यांदा कॉइल नवी आणि झाकण जुनं गच्च, असं चढून पाहिलं. चौदाव्या मिनिटाला आचके देत मेली, दिवा फडफडत. मालक वैतागले, "सर, माहीत आहे ना आता?" माहीत होतं, पण मला दोन्ही दोष वेगळे आहेत हे पाहायचं होतं. मग झाकण बदललं आणि आंबा गाव, पुढे मलकापूर, न थांबता. परत खाली उतरून पुन्हा वर. दिवा आणि काटा दोन्ही ठाम.

पांढरट प्लगसाठी मेन जेट एक नंबर मोठा टाकायचा मोह होत होता. आवरला. आत्ताच इतकं बदललंय, त्यात जेट घातला तर उद्या काही झालं की कशामुळे ते कळायचं नाही. पावसाळाभर कलमांच्या फेऱ्या होऊ देत, म्हटलं. जुलैत पोरग्याने चारही प्लगचे फोटो पाठवले. दोन आणि तीन नंबर ठीक, एक आणि चार अजून पांढरे. जेट लहान असता तर चारही सारखे पांढरे असते. कार्बोरेटर मधोमध, आणि टोकाचे दोन तेवढे लीन, याचा अर्थ मला कुठेतरी हवा खेचली जात असल्याचा वाटतो. गणपतीनंतर गाडी येणार आहे. तोवर कोणी काही उघडायचं नाही असं सांगून ठेवलंय.